आरोपीचा सदर जमिनीशी संबंध नाही

फ्रेम छत्तीस वर्षांनी भिंतीवरून खाली उतरली तेव्हा तिच्यामागून एक पाल निघाली, आणि पालीमागून सहा कागद निघाले. पालीचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही.

काचेखाली इतकी वर्षं एकच पान दिसत आलं होतं. निकालाचं शेवटचं, सातवं. त्यावर गोल शिक्का, आणि शिक्क्याच्या वर टंकलेली ओळ : आरोपी लिंबाजी मारोती वाव्हळे यास निर्दोष मुक्त करण्यात येत आहे. पत्र्याच्या भिंतीवर एका बाजूला बाबासाहेब, दुसऱ्या बाजूला बुद्ध, आणि मधोमध हे. घरातली तिन्ही पोरं या ओळीवर वाचायला शिकली. धम्मशीला आज परभणीच्या कॉलेजात पर्यावरण शिकवते, पण तिला आलेलं पहिलं जोडाक्षर 'निर्दोष'मधलं होतं.

"बाकीचे कागद मागं दुमडून ठेवलते व्हय?" पप्पूने पक्कड खाली ठेवली. धाकटा असल्यामुळे घरातली खिळे काढायची आणि ठोकायची सगळी कामं त्याच्याकडे होती. चार एकर गायरान कसायचं कामही त्याच्याकडेच. "मला वाटलं एकच पान हाय."

"निकाल एका पानाचा नसतो," धम्मशीला म्हणाली. "आण इकडं. साहेब अकराला येणारेत, सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवते."

साहेब येणार होते ते मोजणीला. सावळदरीच्या गायरानावर सौरऊर्जा प्रकल्प मंजूर झाला होता. तशी नोटीस बाभळीला चिकटवली होती : हरकत असल्यास पुराव्यासह जागेवर हजर राहावे, अन्यथा आपणांस काही म्हणावयाचे नाही असे समजण्यात येईल. आपणांस काही म्हणावयाचे नाही, असं सरकार या घराबाबत तीन पिढ्या समजत आलं होतं. यावेळी फक्त लेखी कळवलं.

पुरावा काय, तर गुन्ह्याचा. गायरानावर चौदा एप्रिल एकोणीसशे नव्वदच्या आधीपासून अतिक्रमण असेल, तर ते कसणाऱ्याच्या नावावर होऊ शकतं. म्हणजे चोरी जुनी असेल तर हक्क, नवी असेल तर चोरी. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची असल्याने वाव्हळ्यांना ती घरचीच वाटे. लिंबाजींचा अर्ज ब्याण्णव साली गेला होता आणि तेव्हापासून तो विचाराधीन होता. इतका विचार सरकारने दुसऱ्या कशाचा केल्याचं ऐकिवात नाही. पण आता विचाराची गरज नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली याच जमिनीवरून लिंबाजींवर खटला झाला होता, एकोणनव्वदला निकाल लागला होता, आणि तो निकाल शिक्क्यासकट हातात होता. यापेक्षा जुना, यापेक्षा पक्का सबूत अख्ख्या गायरानात कोणाकडे नव्हता.

धम्मशीलाने तिसरं पान उजेडाकडे धरलं आणि सवयीने मोठ्याने वाचू लागली.

"आरोपीने जबाबात असे सांगितले की, सदर गायरान जमिनीशी त्याचा काहीएक संबंध नाही. त्याने सदर जमीन कधीही नांगरलेली अगर पेरलेली नाही. घटनेच्या दिवशी तो..." तिचा आवाज हळू झाला. "...तो हरवलेली शेळी हुडकण्यासाठी सदर जागेवर गेला होता."

वर पत्रा तापून कडकड वाजत होता.

"शेळी?" पप्पू म्हणाला. "आपल्याकडं शेळी होती?"

"न्हवती," चुलीपाशी बसलेली त्यांची आई, गीताबाई, म्हणाली.

धम्मशीलाने पुन्हा वाचलं. मग मनातल्या मनात वाचलं. तरी शेळी होतीच.

या घरात कोर्टाची एक गोष्ट होती. आबा पिंजऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, इथले दगडं वेचून हाताची कातडी गेली, आता ही जमीन हीच माझी कातडी हाय, काढायची आसंल तर काढा. जज्जाने हातातला पेन खाली ठेवला, चष्मा काढला, आणि म्हणाला, सोडा याला. ही गोष्ट तिने झोपताना ऐकली होती. वक्तृत्व स्पर्धेत सांगितली होती. जयंतीला अकरा गावांतल्या स्टेजवर सांगितली होती. 'चष्मा काढला' इथे टाळ्या पडत.

कागदात चष्म्याचा उल्लेख नव्हता.

"आबा कुठंयत?" तिने विचारलं.

आबा दारात होते. बैलांना पाणी दाखवून आलेले, हातात रिकामी बादली. त्यांनी उघडी फ्रेम पाहिली, लेकीच्या हातातला कागद पाहिला, बादली हळूच पालथी घातली, आणि बाहेर बाभळीकडे गेले.

*

सिद्धोधन, थोरला, हे सगळं बाजेवर बसून पाहत होता. तो शेजारच्या जिल्ह्यातल्या औष्णिक वीज केंद्रात तंत्रज्ञ होता, राखेच्या विभागात. रात्रपाळी करून थेट मोटारसायकलवर आला होता. अठरा वर्षांच्या नोकरीनंतर त्याच्या कानाच्या पाळीमागे राखेची एक रेघ कायमची बसली होती. साबणाने निघत नाही असं त्याची बायको म्हणे. तो म्हणे, निघाली तर पगार बंद होतो.

वाव्हळ्यांचं विजेशी नातं जुनं. आजा मारोतीने येलदरीच्या धरणावर टोपल्यांनी माती वाहिली. धरणातून वीज निघाली आणि तारा गावावरून पुढे गेल्या. नातू कोळशाची राख उपसत होता. आणि इथे, गायरानात, जमीन नावावर नाही म्हणून घराला मीटर नव्हतं. चार वर्षांपूर्वी धम्मशीलाने पत्र्यावर एक छोटं पॅनेल बसवून दिलं. त्यावर दोन बल्ब, एक पंखा, तीन मोबाईल. सावळदरीत शंभर टक्के सौरऊर्जेवर चालणारं घर एकच होतं, आणि ते पाडायला सौरऊर्जा येत होती.

"झालं मंग," सिद्धोधन म्हणाला. "सबूतच उलटा निघाला. प्रकल्पावर राखणदाराची जागा देतेत, ती घ्या आन् मोकळे व्हा. गायरानातल्या बाकीच्या नऊ घरांनी कबूल केलंच की."

"जागा चार हायत, भाऊजी," नीलम म्हणाली. ती पप्पूची बायको. भाकरी थापताना बोलायची, त्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्याला ताल असे. "घरं नऊ आन् जागा चार. दहावं घर आमचं. कुठं बसवणार, पॅनेलच्या सावलीत?"

"मी बोललोय हरिओमला. सोलर कंपनीचा माणूस हाय, ओळखीचा हाय. पप्पूचं नाव पयलं घेतो म्हणला."

नीलमचा हात थांबला. "तुमी बोललात? आमाला न इचारता?"

पप्पूने पक्कड उचलली आणि तिचं तोंड उघडून-मिटून पाहू लागला.

"तुमाला ठावं होतं?" नीलमने नवऱ्याला विचारलं.

"फोन आलता दादाचा," पप्पू पक्कडीला म्हणाला. "मी हो म्हणलो न्हाई. न्हाई बी म्हणलो न्हाई."

"वा," नीलम म्हणाली आणि भाकरी तव्यावर अशी टाकली की तव्याला कळावं.

"अगं, बारा हजार महिना हाय," सिद्धोधन सरसावून बसला. "ह्या चार एकरात मागल्या साली काय झालं? सोयाबीन काढणीला आलं आन् पाण्यात गेलं. त्याच्या आदल्या साली पाऊसच न्हाई. आन् शीला, तूच तर सांगत फिरतीस ना, हवामान बदललं, कोळसा बंद करा, सूर्याची वीज आणा? आला बघ तुझा सूर्य. दारात आला. आता कामून रडायलीस?"

हे बरोबर लागलं, कारण ते खरं होतं. पंधरा वर्षं ती फळ्यावर लिहीत आली होती : कोळशाची एक युनिट वीज म्हणजे हवेत जवळजवळ किलोभर कार्बन डायऑक्साइड. एप्रिलमध्येच पारा चव्वेचाळीसला जाणाऱ्या शहरात, पंखा बंद पडलेल्या वर्गात, ती पोरांना सांगत होती की वीजनिर्मितीचा धूर कमी केल्याशिवाय हा उन्हाळा थांबणार नाही. कोळशाच्या भट्ट्या बंद झाल्या पाहिजेत, लवकर झाल्या पाहिजेत. तिचा त्यावर विश्वास होता. अजूनही होता.

"रडत नाही," ती म्हणाली. "दादा, तुझी भट्टी बंद व्हावी असं मला आजही वाटतं."

"धन्यवाद. माझ्या घराचे हप्ते तू भर."

"तुझी छाती वाजती रात्री, वहिनी सांगतात. बंदच व्हायला पाहिजे ती. पण कोळसा जाळला कोणी? ह्या घरानं? आबांनी उभ्या जन्मात किती युनिट वीज वापरली असंल? कार्बन करणारे एकीकडं, आन् कमी करायची पाळी आली की पयलं घर कोणाचं उठवायचं, तर ज्याला मीटरसुद्धा न्हाई त्याचं. हे कुठलं विज्ञान?"

रागात तिची प्रमाण भाषा गायरानात उतरत असे. विद्यार्थ्यांना हे माहीत नव्हतं.

"हे विज्ञान न्हाई," सिद्धोधन म्हणाला, "हे सर्क्युलर हाय."

गीताबाई इतका वेळ ऐकत होती. "एक सांग गं शीले. ह्यो कार्बन म्हंजी त्यो निळा कागुद का? दोन कागदांच्या मधी घालतेत त्यो?"

"न्हाई माय, तो वेगळा."

"मला वाटलं त्योच. वकिलाच्या टायपिंगवाल्याकडं होता. ह्यो निकाल बी त्यावरच काढलेला हाय, बघ, निळा दिसतोय." तिने पदराने हात पुसले. "तसा कार्बन कमी करायचा आसंल तर सरकारला म्हणावं जरूर करा. आमाला लय तरास झाला त्याचा."

आणि ती उठून बाहेर गेली.

*

लिंबाजी बाभळीखाली पाठ करून बसले होते. गीताबाई शेजारी बसली. समोर चार एकर काळीभोर, नांगरून तापत पडलेली. धसकटं वेचून झाली होती. मे महिन्यात या जमिनीने जे करायचं ते ती करत होती : ऊन खात होती.

"जेवायला चला म्हणायला आलीस का?"

"न्हाई. अजून भाकरी व्हायच्यात."



"नऊ सवाल होते," लिंबाजी म्हणाले. "वकील म्हणला, लिंबाजी, काय बी इचारू दे, न्हाई म्हणायचं. खरं बोलशील तर आत जाशील, पोरं रस्त्यावर येतील. जमीन नांगरली का? न्हाई. पेरली का? न्हाई. दगडं हटवली का? न्हाई. नऊ बार न्हाई म्हणलो. शेळी वकिलानंच घातली. जज्जानं तोंड सुदिक वर केलं न्हाई. शेवटी कागद दिला. त्यावर निर्दोष लिव्हलं होतं." त्यांनी एक ढेकूळ उचलून फोडलं. "मी वाचलं, निर्दोष. मला वाटलं, जमीन मिळाली."

"आन् ती कातडीची गोष्ट?"

"ती घरी येताना एस्टीत सुचली. सिद्धू इचारील ना, आबा, तुमी काय म्हणलात? सहा वर्साचं पोरगं. त्याला काय सांगू, शेळी हुडकत होतो?" ते थांबले. "तुला मी फसवलं गीते."

"मला न्हाई फसवलं." गीताबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मी कोर्टाच्या दाराशी उभी होते. शीला कडंवर होती. नऊच्या नऊ न्हाई मला ऐकू आल्यात."

लिंबाजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मंग छत्तीस वर्सं बोलली कामून न्हाईस?"

"काय बोलायचं? पोरं ती गोष्ट ऐकून ताठ चालायला लागली होती. ताठ चालायलेल्या पोरांना मागून हाक मारू का, की बाबांनो, वाका, आसं काय घडलं न्हाई म्हणून?" ती उठली. "येतील आता ते. तुमी इथं बसा न्हाईतर घरात बसा. पण आज वकील न्हाई संगं. काय म्हणायचं ते तुमचं तुमी ठरवा."

धुळीचा लोट दिसला तेव्हा लिंबाजी उठले, गोठ्याकडे गेले, आणि पप्पूला हाक मारली. "बैलं सोड. वखर जुप."

"आत्ता? ह्या उन्हात?"

"आत्ताच वखराची पाळी घालायची."

*

दोन जीपगाड्या आल्या. पहिलीतून मंडळ अधिकारी, तलाठी आणि मोजणीदार उतरले. दुसरीतून टोपी घातलेला कंपनीचा हरिओम आणि गावचे उपसरपंच भागवतराव. अठ्ठ्याऐंशी साली लिंबाजींवर फिर्याद भागवतरावांच्या वडिलांनी दिली होती. भागवतरावांनी तो वारसा नेटाने चालवला होता, पण हसत.

"जयभीम, जयभीम," ते म्हणाले. "घरचेच लोक हायत साहेब. शिकलेलं घर हाय. काही अडचण न्हाई."

मोजणीदाराने जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. धम्मशीलाने वाकून पाहिलं. प्रकल्पाची तांबडी रेघ ओढ्यापासून सरळ निघाली होती, भागवतरावांच्या गोठ्याजवळ आल्यावर अदबीने वाकली होती, त्यांच्या गायरानातल्या पाच एकर उसाला वळसा घातला होता, आणि मग पुन्हा सरळ होऊन वाव्हळ्यांच्या पत्र्यातून गेली होती.

"ही रेघ इथं वाकडी का?" तिने विचारलं.

"तांत्रिक कारण," मोजणीदार म्हणाला.

"तांत्रिक कारणाला ऊस लागलेला दिसतोय."

भागवतराव सगळ्यांत आधी हसले.

मंडळ अधिकाऱ्याने पंचनाम्याचा कागद काढला. तो बराचसा लिहूनच आणला होता. "सदर जागा पडीक असून मोकळी आहे. जागेवर कोणाचाही ताबा अगर वहिवाट आढळून आली नाही. ड्रोनचे फोटो सोबत जोडलेत."

"फोटो कधी काढले?"

"मेच्या पहिल्या आठवड्यात."

"साहेब," धम्मशीला म्हणाली, "मे महिन्यात वरून फोटो काढला तर अख्खा परभणी जिल्हा पडीक दिसतो. कृषी विद्यापीठासकट."

"मॅडम, तुम्ही तर पर्यावरणाच्या प्राध्यापक," हरिओम पुढे आला. त्याचा आवाज मऊ होता आणि तो हे मनापासून बोलत होता, हीच पंचाईत होती. "तुम्हाला मी काय सांगणार? कार्बन कमी करायचा तर कोणीतरी त्याग करायलाच पाहिजे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार आहे."

"कुठल्या शेतकऱ्याला?"

"ज्याच्याकडे कृषिपंप आहे त्याला."

"पंपाचं कनेक्शन कशावर मिळतं?"

"सातबारावर."

"ह्यांच्याकडं सातबारा हाय?"

हरिओमने टोपी सारखी केली.

"म्हणजे जमीन बिनसातबाऱ्याची, वीज सातबाऱ्याची, आन् त्याग कोणीतरी करायचा," धम्मशीला म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "सूर्याची वीज पायजे. मला तुमच्यापेक्षा जास्त पायजे, माझा भाऊ राख खातोय अठरा वर्सं. पण मार्केट यार्डाच्या शेडवर टाका ना पॅनेल. कचेऱ्यांच्या गच्च्यांवर टाका. येलदरीचं पाणी पडलंय केवढं, त्यावर टाका. ह्यांच्या उसावर टाका! सूर्य अख्ख्या जिल्ह्यावर पडतोय, साहेब, तो काय एकट्या आमच्या चार एकरावर उगवत न्हाई."

"शासकीय जमीन उपलब्ध होती," मंडळ अधिकारी म्हणाले. त्यांना शब्द निवडून बोलायची सवय होती आणि त्यांनी 'उपलब्ध' निवडला. "तुमच्याकडे नव्वदच्या आधीच्या ताब्याचा काही पुरावा आहे का? भागवतराव म्हणाले, कोर्टाचा निकाल आहे म्हणून."

तिचा हात पिशवीवर होता. कागद द्यावेत तर शेळी निघणार. न द्यावेत तर काहीच नाही. तिला इतकंच सुचलं की ती पंधरा वर्षं पोरांना स्रोत तपासून घ्या असं सांगत आली आहे.

"हाय निकाल," बाभळीच्या बाजूने आवाज आला. "पर तो खोटा हाय."

लिंबाजी वखरावर उभे होते. पप्पूने बैलांची वेसण धरली होती. अडुसष्ट वर्षांचा माणूस भर उन्हात वखरावर उभा, आणि त्यांच्या मागे ताज्या पाळीचे दोन पट्टे पडले होते.

"आजोबा, खाली उतरा. सरकारी काम चालू आहे."

"माझं बी चालू हाय. लिव्हा साहेब. एकोणनव्वद साली मी कोर्टात खोटं बोललो. शेळी न्हवती. चौऱ्याऐंशी सालापासून ही जमीन मी नांगरतोय, मी पेरतोय, दगडं मी काढलेत. गुन्हा मी केला. मला निर्दोष सोडलं, ते चुकून सोडलं."

मंडळ अधिकाऱ्यांनी कागदावरून नजर वर केली. नोकरीत त्यांनी गुन्हा नाकारणारे पुष्कळ पाहिले होते.

"असं नसतं आजोबा. निकाल म्हणजे निकाल. तुम्ही निर्दोष आहात."

"मी न्हाई."

"आहात तुम्ही."

"आवो, मी म्हणायलोय ना!"

"बरं, कोर्टाचं जाऊ द्या," नीलम पुढे आली. हाताला पीठ, आणि त्या हातात मोबाईल, चालू. "आत्ता काय चालू हाय ते तर दिसतंय ना? वखर चालू हाय. तुमच्या डोळ्यांदेखत अतिक्रमण व्हायलंय. लिव्हा पंचनाम्यात."

"आणि मोजणीला अडथळा करतायत हे पण लिहा," धम्मशीला म्हणाली. आता तिला दिसलं होतं. "गुन्हा नोंदवा."

मंडळ अधिकाऱ्यांनाही दिसलं होतं. गुन्हा लिहिला तर माणूस जागेवर होता हे लिहावं लागणार; माणूस होता म्हटल्यावर जागा मोकळी नव्हती; मोकळी नव्हती म्हटल्यावर लिहून आणलेला कागद बाद. गायरानातल्या माणसावर गुन्हा दाखल करायला प्रशासन का-कू करतंय, असा प्रसंग त्या तालुक्यात त्याआधी घडलेला नव्हता.

"आपण समजुतीनं घेऊ," ते म्हणाले. "कशाला म्हाताऱ्या माणसाला पोलीस स्टेशन?"

"माझ्या बापानं सांगितल्यावर तर एका दिवसात पोलिसांनी नेलं होतं," भागवतराव बोलून गेले.

"ऐकलंत?" नीलमने मोबाईल त्यांच्याकडे वळवला. "पुन्यांदा बोला उपसरपंच. कुठून नेलं होतं? ह्याच जागेवरून ना?"

भागवतराव जीपमध्ये पाणी प्यायला गेले. हरिओमने कोणालातरी फोन लावला. पलीकडून काय आलं कळलं नाही, पण तो दोनदा "व्हिडिओ काढायलेत सर" म्हणाला. मग त्याने मंडळ अधिकाऱ्यांकडे पाहून मान हलवली. अधिकाऱ्यांनी लिहून आणलेला कागद घडी करून खिशात ठेवला आणि कोरा काढला.

"ठीक आहे. जे दिसतंय ते लिहितो. पण एक सांगतो, हे जमीन मिळाल्याचं नाही. हे फक्त गुन्ह्याचं आहे. पुढं काय होईल ते वर ठरेल."

"चालतंय," लिंबाजी म्हणाले.

नावं घ्यायला सुरुवात झाली. लिंबाजी मारोती वाव्हळे. गीताबाई लिंबाजी वाव्हळे. ती वखराशेजारी येऊन उभी राहिली आणि बायांचं नाव आधी का नाही, असं तिने विचारलं. पप्पू. नाव कागदावर काय आहे? प्रज्ञाशील. हे तलाठ्यालाच नव्हे, नीलमलाही लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदा ऐकू आलं. नीलम प्रज्ञाशील वाव्हळे. धम्मशीला, नोकरीचं ठिकाण तिने स्वतःहून सांगितलं.

सिद्धोधन पत्र्याच्या सावलीत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. शेळीपासून. सहा वर्षांचा असताना एस्टीतून उतरलेल्या बापाला आपण काय विचारलं, ते त्याला आठवत होतं. आणि बापाने उत्तर द्यायच्या आधी जरा वेळ घेतला होता, तेही आता आठवलं.

तो उन्हात आला.

"तुम्ही नको," मंडळ अधिकारी हळू आवाजात म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "हरिओम सांगत होता, तुम्ही वीज कंपनीत आहात. गुन्ह्यात नाव आलं तर खात्याची चौकशी लागते. निलंबनसुद्धा होतं. तुम्ही पाहुणे म्हणून आला होता, असं समजू."

"दादा, सावलीत जा," धम्मशीला म्हणाली. "आम्ही पाच पुरे हाव."

"आन् राखणदारीचं मी बघतो ना," हरिओम म्हणाला. "शब्द दिलाय मी तुम्हाला."

सिद्धोधनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो वखरापाशी गेला, आबांना दंडाला धरून खाली उतरवलं आणि स्वतः वर चढला. बैलांनी मान हलवली. अठरा वर्षांत त्याने वखराला पाय लावला नव्हता. तोल सावरायला पप्पूचा खांदा धरावा लागला.

"लिहा," तो म्हणाला. "सिद्धोधन लिंबाजी वाव्हळे. वय बेचाळीस."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं.

"व्यवसाय? नीट विचार करून सांगा. इथं जे लिहीन ते खोडता येणार नाही."

"शेती," सिद्धोधन म्हणाला. "आन् कुठली तेबी लिहा. गट नंबर मी सांगतो."